फाटकाला कुलूप

ता. ४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पिंजरे काढून चार हजार कोंबड्या तू शेडमध्ये मोकळ्या सोडल्यास, हे वाचून फार बरं वाटलं. कितीतरी देशांत आता कायदे करून पिंजरे बंद करतायत. पण एक सांगतो, रागावू नकोस. आमच्या पशुरोग प्रयोगशाळेत रोज बातम्या येतात. समुद्रापलीकडे बर्ड फ्लूने लाखो कोंबड्या गेल्या, दुकानांत अंडी मिळेनाशी झाली. तुझ्याकडे भाव चढलाय तो त्यामुळेच. तळ्यावरचे रानपक्षी हा रोग आणतात, त्या बाजूची जाळी पुन्हा एकदा तपास. भावोजींना म्हणावं, शेडमध्ये जाताना चपला बदलत जा. ते मला ‘भित्रा डॉक्टर’ म्हणतील. म्हणू देत.

माया आहे तशीच राहू दे.
तुझा धाकटा

ता. ९

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

जाळी तपासली होती रे. तरी काल सकाळी दुसऱ्या शेडमध्ये अकरा कोंबड्या मरून पडलेल्या, आज चाळीस. तुरे काळेनिळे पडलेत. अंडी निम्म्यावर आली, काहींना तर कवचच नाही, हातात लिबलिबतात.

आज व्यापाऱ्याची गाडी फाटकाशी उभी होती. यांचं म्हणणं, पहिल्या शेडमधली अंडी चांगली आहेत, एवढी गाडी जाऊ दे, मग कळवू. सहा वर्षं राबलोय, असंही म्हणाले. मी फाटकाला कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोचली आणि जनावरांच्या दवाखान्यात फोन केला. व्यापारी वाट्टेल ते बोलून निघून गेला. डॉक्टर येऊन नमुने घेऊन गेले. हे माझ्याशी बोलत नाहीत.

संध्याकाळी पहिल्या शेडमध्ये गेले, तर सगळ्या पायाशी गोळा झाल्या. मी बरोबर केलं ना? खोटा धीर देऊ नकोस.

तुझ्या पत्राकडे डोळे लावलेली,
ताई

ता. १२

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझा नमुना नेमका माझ्याच टेबलावर आला. पत्ता वाचला. सहकारिणीकडे दिला आणि बाहेर बाकावर बसून राहिलो. ती बाहेर आली, माझ्याकडे न बघताच तिने कागद पुढे केला.

खरं मागितलंस म्हणून लिहितो. बर्ड फ्लूच आहे. उद्या पथक येईल, हे पत्र त्यांच्याच हाती देतोय. दोन्ही शेडमधली एकही कोंबडी ठेवता येणार नाही. त्या वेळी तू आत थांबू नकोस. दोघांपैकी कुणाला ताप, खोकला वाटला तर तासभरही काढू नका, दवाखाना गाठा.

तू बरोबर केलंस. हे भाऊ म्हणून लिहीत नाही, रोज हेच काम करणारा माणूस म्हणून लिहितोय.

जिवाला जप.
धाकटा

ता. २२

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पथक आलं त्या दिवशी दुपारपर्यंत सगळं उरकलं. मी स्वयंपाकघरात नळ सोडून उभी होते, काही ऐकू येऊ नये म्हणून. आम्ही दोघं ठणठणीत आहोत. आता सकाळी सवयीने जाग येते आणि बाहेर अगदी शांत असतं.

आसपासच्या सातही फार्मचे नमुने स्वच्छ आले, हे डॉक्टरांनी काल घरी येऊन सांगितलं. हे दारातच उभे राहून ऐकत होते. जेवताना यांचा घास हातातच राहिला. “गाडी गेली असती तर...” एवढंच म्हणाले. मी पाण्याचा पेला सरकवला. बारा दिवसांनी आम्ही एकमेकांकडे नीट पाहिलं.

आज डॉक्टरांनी दिलेलं औषध पाण्यात घालून शेड धुवायला घेतलंय. हे पाइप धरतात, मी झाडू मारते.

लिहीत जा. आता पत्राची वाट आम्ही दोघंही बघतो.
तुझी ताई