आंधळ्या कुत्र्याची वाट

अब्बा, तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं होत आली, आणि आज सकाळपासून मला आपलं ते भुरकं कुत्रं आठवतंय. धाड गावात एका पडक्या घराच्या पेवात, धान्य साठवायच्या त्या खोल खड्ड्यात, ते पडलं होतं. दोन दिवस लोक वरून नुसतं त्याचं केकाटणं ऐकत होते. तुम्ही कापूस पिंजायला निघाला होतात. खांद्यावरचं धनुष्यासारखं पिंजण भिंतीला टेकवलंत, दोरीला बांधून कंदील आत सोडलात, तो विझत नाही हे पाहिलंत आणि मग स्वतः उतरलात. घरी आलात ते त्याला सदऱ्यात गुंडाळूनच. अम्मी म्हणाली, "घरात नको." तुम्ही म्हणालात, "आंगनात राहील. आंगन तं अल्लाचं हाय."

पाच वर्षं ते तुमच्यामागून गावोगाव हिंडलं. मग एके दिवशी सकाळी ते आपल्या रोजच्या रांजणावरच जाऊन आदळलं. कुणाला काही उमगलं नाही. दुपारी ते निजलं होतं तेव्हा मी लाडानं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि त्यानं माझं मनगटच धरलं. रक्त पाहून शेजारपाजार गोळा झाला. कुत्रं पिसाळलं! वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात. असं कुत्रं चावल्यावर टोचायच्या सुया नागपूरला मिळतात एवढंच लोकांना ठाऊक, आणि नागपूर म्हणजे आम्हाला दुसरा मुलूख. कोतवाल काठी घेऊन दारात उभा राहिला. तुम्ही माझी जखम साबणानं धुतलीत, कितीतरी वेळ धूतच राहिलात. मग कुत्र्यापुढे पाण्याची परात सरकवलीत. ते लपालपा प्यायलं.

"पिसायलेलं कुत्रं असं पानी पेते काय?" तुम्ही विचारलंत.

"मंग चावलं काऊन?" कोतवाल म्हणाला.

तुम्ही काडी ओढून कुत्र्याच्या डोळ्यांसमोरून नेलीत. पापणीसुद्धा हलली नाही. "त्याले दिसूनच नाही राह्यलं, दादा. भेलं ते."

पाटलांनी दहा दिवस दिले. बांधून ठेवा, काही वेगळं दिसलं, तर काठी आहेच. त्या संध्याकाळी तुम्ही मला जवळ बसवून म्हणालात, "आधी बोल, मंग हात लाव. डोये बांधून कोनी तुले धरलं, तं तू काय करशीन?" आवाज चढवला नव्हतात, तरी ते मला फार लागलं. पुढचे दहा दिवस तुम्ही कामाला गेला नाहीत. सकाळी त्याच्याशी बोलत बोलत बसायचात, हातानं भाकर भरवायचात, दोरी धरून अंगणात फिरवायचात. माझ्याशी मात्र बोलणं नाही. येता-जाता माझ्या मनगटाकडे बघायचात आणि नजर काढून घ्यायचात. आज कळतं की तुम्ही भ्याला होतात. तेव्हा मला वाटलं, तुम्ही माझ्यावर रागावलात.

अकराव्या दिवशी तुम्ही त्याची दोरी सोडलीत आणि नाल्यापलीकडे एका घरी गाद्यांचा कापूस पिंजायला गेलात. बाजाराचा दिवस, गल्ल्या ओस पडलेल्या. दुरून पिंजणाचा आवाज येऊ लागला, टुंग टुंग, आणि कुत्रं उठून उभं राहिलं. कान टवकारले. मग ते दाराबाहेर पडलं. मी अनवाणी त्याच्या मागे.

ते भिंतीच्या कडेनं चाललंय. पुढे माळ्याची विहीर आहे, कठडा नसलेली, पाऊलवाट तिच्या तोंडाशी घसटून जाते. तिथंच तुमचं पिंजण थांबतं. कुत्रंही थांबतं, एक पाय अधांतरी धरून. मी हाक मारत नाही; दचकलं तर ते आत पडेल. पिंजण पुन्हा वाजतं. ते नाक खाली नेतं, ओलावा हुंगतं, काठापासून दोन पावलं मागे सरतं आणि विहिरीला वळसा घालून जातं. मग नाल्यात उतरतं, दगड चाचपत, पोटापर्यंत पाण्यातून पलीकडे चढतं. मीही मागोमाग पाण्यात उतरले. पुढे मी शाळेत मास्तरीण झाले, थोडंफार जग पाहिलं; पण कुणाला पाहून इतकं लहान वाटलं नाही, आणि लहान वाटण्याचा इतका आनंदही कधी झाला नाही.

तुमच्या डोक्यावर, भुवयांवर कापूस बसला होता. कुत्रं तुमच्यापासून हातभर अंतरावर येऊन बसलं. तुम्ही आधी त्याच्याकडे पाहिलंत, मग दारात मी दिसले.

"तू आनलं याले?"

तुमच्या चेहऱ्यावर दहा दिवसांनी हसू आलं होतं. मी म्हणाले, "हाव, अब्बा."

तुम्ही माझं डोकं छातीशी धरलंत. नंतर तीन वर्षं ते तुमच्या आवाजामागून धाडपासून बुलढाण्यापर्यंत हिंडलं, आणि अंगणातच निजल्या जागी गेलं. तोवर तुम्ही घरोघर सांगत होतात, "माह्या पोरीनं आंधळ्याले रस्ता शिकवला." मी ते ऐकून घेत राहिले. हा कागद कुठं जायचा नाही, म्हणूनच हे लिहायला धजतेय. अब्बा, मी त्याला आणलं नव्हतं. ते एकटं तुमच्याकडे आलं होतं, आणि ते सुख मी तुम्हाला मिळू दिलं नाही.