कमळतळ्यावरचा रविवार

ऑगस्ट १९६६

आईला छिउलानचा वाकून नमस्कार.

आम्ही दोघंही सुखरूप आहोत, हे आधी वाच आणि मग पुढचं.

रविवारी आम्ही कमळतळ्याच्या बागेत गेलो होतो. तिथून शेजारच्या संग्रहालयात शिरलो, तोच दंडाला लाल पट्ट्या बांधलेली पोरं क्रांतीच्या घोषणा देत, हातोडे घेऊन आत घुसली. "जुनं सगळं फोडा," म्हणत त्यांनी मातीचे प्राचीन घोडे भिंतीवर आपटले. म्हातारा पहारेकरी मधे पडला, तर त्याला फरफटत नेऊन तळ्यात ढकललं. तो वर आला की काठावरच्या होडीतल्या वल्ह्याने खाली दाबत होते.

तुझे जावई गप्प बसणारे नाहीत. त्यांनी पाण्यात उतरून त्याला काठावर ओढलं. मग वल्हं यांच्या हातावर बसलं. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. मी धावत जाऊन मारणाऱ्याची मनगटं धरली, तर तो म्हणाला, "छिउलानताई, तू बाजूला हो."

आपल्या शेजारच्या फांगमावशीचा बाओशान होता तो, आई.

मी म्हटलं, "अरे, हे तुझे दाजी आहेत." त्याने वल्हं टाकलं नाही, पण पुन्हा उगारलंही नाही.

म्हातारा वाचला नाही. यांचा हात जुळेल, असं डॉक्टर म्हणतात.

तुझा गुडघा कसा आहे? मावशी अजून दुपारची शेंगा सोलायला येते ना? तिने विचारलं तर सांग, बाओशान भेटला होता, अंगाने भरलाय, मला ताई म्हणाला. एवढंच सांग.

तुझीच,
छिउलान