गुलाबी बदकं आणि आमचा हॉल

४ फेब्रुवारी
मिळाली! ऑर्डर मिळाली! एवढं कापड दादाच्या रंगखान्यात आजवर कधी रंगलेलं नाही. दादा म्हणाला, "छोटे, आता नवा हॉल बांधू. जावईबापूंना बोलावून घे, हॉल तेच सांभाळतील."
म्हणजे हे घरी येणार! इतकी वर्षं परगावची नोकरी, महिन्यातून एकदा तोंड दिसतं. आनंदाच्या भरात मी दादाच्या चहात दोनदा साखर घातली. मुकाट्याने प्यायला बिचारा.

५ फेब्रुवारी
हॉलला जागा एकच – मागचं तळं. रंगाचं पाणी तिथे आठवडाभर निवळतं, मगच ओढ्यात सोडतात. बाबांनी घालून दिलेली पद्धत. वहिनीने लगेच नाक मुरडलं, "तळं बुजवलं तर पाणी निवळणार कुठे?" मी म्हटलं, "ओढा वाहता आहे गं, जाईल वाहून."
मला काय, मला हे हवेत!

९ फेब्रुवारी
बुजवायचं म्हणून तळं रिकामं ठेवलंय. आज नव्या ऑर्डरच्या कापडाचा पहिला घाणा रंगवून काढला. पाणी थेट ओढ्यात. काहीसुद्धा झालं नाही. वहिनी उगाच घाबरते.

१० फेब्रुवारी
झालं! ओढ्याच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या बदकवाल्या काकू सकाळीच हजर. काखेत बदक. गुलाबी! दादाच्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "माझी सगळी पांढरी बदकं अशी झालीत."
दादा खुर्चीसकट मागे सरकला. बदक मात्र क्वॅक क्वॅक करत पुढे. वहिनी हसून हसून खाली बसली, मीही.
काकू शांतपणे म्हणाल्या, "हसा. ओढ्यात मासे उलटे तरंगताहेत, तेही बघून या."
गेले. बघितलं. जेवण गेलं नाही.

१२ फेब्रुवारी
दादा म्हणतो, "हॉल तुझ्या नवऱ्यासाठी होता. तूच सांग काय करायचं." वा! स्वतः मोकळा! दिवसभर सगळ्यांवर खेकसले. संध्याकाळी तळ्याकाठी बसून पोटभर रडले. मग उठले आणि ऑर्डरवाल्या बाईंना फोन लावला – तळ्यात जेवढं पाणी निवळेल तेवढंच कापड रंगवू.
"मग निम्मीच ऑर्डर देईन," त्या म्हणाल्या.
"निम्मी तर निम्मी."
फोन ठेवला आणि इतकं हलकं वाटलं की वहिनीला धरून गिरकीच घेतली! ह्यांना सांगायचा मात्र धीर होत नाही.

१३ फेब्रुवारी
सांगितलं. हॉल नाही, म्हणजे इथलं कामही नाही. "बरं," एवढंच म्हणाले. नुसतं बरं! उशीत तोंड खुपसून झोपते आता.

१६ फेब्रुवारी
हे दारात! गादी, बॅग, कुकर, सगळं बिऱ्हाड. म्हणाले, "हॉल होईपर्यंत तिकडे थांबायचं ठरलं होतं. तो होणारच नाही म्हणतेस, मग थांबू कशासाठी?"