कोर्टात पुस्तकच नव्हतं

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

समन्स आलं. पुढच्या मंगळवारी नागभीडच्या कोर्टात साक्ष. आमचं धानाचं पुंजणं जळालं त्याले सव्वादोन वर्षं झाली — कापून, बांधून, मळणीसाठी रचलेलं सगळं धान एका संध्याकाळी राख! — अन् मले आता बोलावतात. इतका उशीर काऊन? कोणीतरी दाबून ठेवलं असंल.

आरोपी सुकलू, आमचा शेजारी. जामिनावर खुशाल फिरते.

मी पाहिलं ते इतकंच. अंधारून आलं होतं. खांद्यावरचा दुपट्टा डोक्यावरून घेतलेला एक माणूस पुंजण्यापासून नाल्याच्या वाटेनं गेला. पाठ दिसली, तोंड नाई. पोलिसांना तसंच सांगितलं. पण आठच दिवस आधी त्याच्या बकऱ्या आमच्या धानाच्या बांधीत शिरल्या अन् मोठं भांडण झालं. मग दुसरं कोण?

५ फेब्रुवारी

बोअरवेलवर गिरजाबाई — सुकलूची बायको. दोन वर्षांत पहिल्यांदा बोलली. "इंदुबाई, जे पाह्यलं तेच सांगजा." विनवणी होती का धमकी? मले तर धमकीच वाटली.

७ फेब्रुवारी

नवऱ्याले म्हटलं, कोर्टात सोबत चला. "मले दम लागते, मी नाई येत." बरं, राहा घरीच. पुंजणं जळलं तेव्हापासून माणूस खचलाच. डॉक्टर ओरडून थकला तरी जी बिडी सुटली नाई, ती त्या दिवसापासून सुटली. इतकं दुःख केलं यायनं!

९ फेब्रुवारी, रविवार

सूनबाईनं, रंजीतानं, टीव्हीवर कोर्टाचा विनोदी सिनेमा लावला. वकील टेबलावर चढला, कोट पंख्यात अडकला. जज घोरते, हातातला हातोडा पायावर पडते. सूनबाई हसून हसून लोळली. मले नाई आलं हसू. दोन्ही वकील आत एकमेकांच्या गचांडीले धरतात अन् बाहेर एकाच ताटलीत भजी खातात! मी म्हटलं, हेच खरं असते.

"आई, सिनेमा आहे तो!"

असू दे. अंगणवाडीत एकवीस वर्षं काढली, कोर्ट मात्र सिनेमातच पाहिलं. एक गोष्ट त्यात बरी होती. लाल कापडात बांधलेलं पुस्तक आलं तसा एक लबाड साक्षीदारही थरथरला. पुस्तकावर हात ठेवल्यावर खोटं बोलायची त्याचीही हिंमत नाई झाली.

११ फेब्रुवारी, मंगळवार

झाली साक्ष.

सकाळी कोर्टाच्या गेटसमोरच्या टपरीवर काय पाहिलं? आपला सरकारी वकील अन् सुकलूचा वकील, हातात चहा, टाळ्या देऊन हसून राह्यले! सिनेमात होतं अगदी तसंच. समजली मी. ठरलेलं आहे सगळं. मी फक्त पाठ दिसली म्हटलं तर हे दोघं हसत हसत त्याले सोडवतील.

आत गेली. हातोडा नाई. जज साहेब जागे होते, पण मान खाली, लिहीतच बसलेले. कोणी ओरडत नाई. शिपाई म्हणाला, म्हणा — ईश्वरसाक्ष खरं सांगीन. मी हात पुढं केला. ठेवू कुठी? "पुस्तक कुठी आहे?" मी विचारलं. मागं कोणीतरी फिसकन हसलं. जज साहेब म्हणाले, "पुस्तक लागत नाही बाई. बोला."

पुस्तक नाई, मग शपथ कसली? पोपटासारखं चार शब्द म्हटले, झालं. मी मनात म्हटलं, हे शपथेत धरण्यात नाई.

अन् सांगून टाकलं — तोंड पाहिलं. सुकलूच होता.

त्याचा वकील उठला. आवाज अगदी मऊ. "पोलिसांना तर तोंड दिसलं नाही म्हणाल्या होत्या?" मी म्हटलं, तेव्हा घाबरली होती. तो खाली बसला. टेबलावर नाई चढला, काही नाई. सुकलू माझ्याकडं पाहत होता. मी नाई पाहिलं.

घरी आली तर हे दारातच उभे. "काय सांगितलं?" सुकलूच, म्हटलं. "तोंड पाह्यलं? शपथेवर सांगितलं?" हो. दोनदा विचारलं. मग पोटभर जेवले.

१२ फेब्रुवारी

गिरजाबाई पाणी न भरताच परत गेली. पाण्याच्या गुंड्या रिकाम्या. जाऊ दे! पुस्तक नव्हतं.

२ मार्च

सिनेमा परत लागला होता. मी उठून आत गेली.

१५ मार्च

रंजीता विचारते, आई, झोप नाई काय येत? उन्हाळा लागला, म्हटलं.

१८ मार्च, मंगळवार

आज हे अंगणात बिडी ओढत बसले होते. मी ओरडली तर हसले. म्हणे, "तुले आता सांगतो. त्या संध्याकाळी पुंजण्याच्या आडोशाले मीच बिडी ओढत होतो. तू रागावशीन म्हणून डोक्यावरून दुपट्टा घेतला अन् नाल्याच्या वाटेनं निघून गेलो. मांगून पेटलं. दोन वर्षं वाटे, माह्याच बिडीनं जळलं. पण तू शपथेवर सांगितलं ना, सुकलूचं तोंड पाह्यलं म्हणून! जीव हलका झाला."

बत्तीस वर्षं संसार केला अन् नवऱ्याची पाठ ओळखली नाई मी.

पुस्तक नव्हतं, हे यायले अजून सांगितलं नाई. निकाल शुक्रवारी आहे.