दूध सोडल्यावरचा हिरवा चहा

६ जानेवारी
त्या दिवशी नळाला पाणी आलं, दोन टिपाडं भरली, यांचा डबा बांधला, गॅलरी धुतली, चहा टाकला. "आलं घाल गं थोडं," हे आतून म्हणाले. एवढीच सकाळ. तिच्यात विशेष काही नव्हतं. हे गेल्यापासून तीच आठवते.

दहाव्याला तापीच्या घाटावर पिंडाला कावळा शिवेना. दिरांनी सगळं बोलून पाहिलं. पोरीचं लग्न करू, घर विकणार नाही. नाहीच. शेवटी मी म्हटलं, तुमच्याशिवाय दुधाचा चहा घेणार नाही. लगेच शिवला.

दूध सुटलं. कोरा चहा सुतकातला, तो घशाखाली उतरत नाही. सकाळी कपच हातात नाही, तर खाणंही होत नाही. दुपार होते.

८ जानेवारी
पल्लवीला पुण्यात नोकरी लागली. नाही जात म्हणते. "तू दुपारपर्यंत उपाशी. मी कशी जाऊ?"
म्हटलं, शब्द दिलाय मी.
"मम्मी, कावळ्याला भूक लागली असेल."
हसू आलं, मग राग. पोरीने जायला हवं. डिंडोलीच्या या दोन खोल्यांत माझं तोंड बघत बसली तर तिचंही माझ्यासारखंच...

११ जानेवारी
पल्लवीने डबी आणली. माचा म्हणतात. मेंदीसारखी हिरवी, चहाच्या पानांची पूड. "हे दुधाशिवाय होतं. शब्द मोडत नाही तुझा."

उसळीसाठी शेंगदाणे रात्रीच भिजवले होते. वाटले, फडक्यातून गाळले. ते दूध गॅसवर ठेवलं, त्यातच पूड टाकली, आलं किसलं, खळखळ उकळू दिलं. न उकळता चहा केलाय का कधी? तपकिरी कडू काढा झाला. पल्लवी एक घोट प्यायली आणि इथल्या गुजरातीत म्हणाली, "आ नहीं चाले, मम्मी." मोरीत ओतला.

मग डबीवरचं इंग्रजी एकेक अक्षर लावून वाचलं. वाचायला मी तिच्याच शाळेच्या पुस्तकांवर शिकले. उकळायचं कुठेच लिहिलेलं नाही. आलं तर नाहीच.

१३ जानेवारी
पूड चाळली, कोमट पाण्यात ताकाच्या छोट्या रवीने घुसळली. फेस आला. शेंगदाण्याचं दूध वेगळं उकळून वरून ओतलं, थोडा गूळ. शेजारच्या वत्सलाबाई डोकावल्या. "हाई काय वं माय, शेवाळं पी ऱ्हायनी का?"
पल्लवी पोट धरून हसली. किती दिवसांनी.
मला गवत चावल्यासारखं लागलं. म्हटलं, छान आहे. सगळं प्यायले.

१६ जानेवारी
रोज करते. रोज छान म्हणते. तिने तिकीट काढलं.
"खरंच आवडतं ना तुला?"
"नाहीतर कशाला पिते?"
"मी गेल्यावर पण करशील?"
"करीन."
हाही शब्दच झाला. आता दोघांना दिलेले दोन. तिने बॅग काढली, यांचा स्वेटर मागितला. दिला. कपाटात आता यांचा एकच शर्ट.

१९ जानेवारी
गेली. गाडी हलली तसं खिडकीतून ओरडली, "रोज सकाळी कपाचा फोटो पाठव. भरलेल्याचा नको, रिकाम्याचा!"
हुशार आहे. बापावर गेली.
घरी आले. तिची चादर घडी करून ठेवली. शेंगदाणे भिजत घालायला काढले. एका माणसासाठी मूठभर पुरतात, तरी हाताने नेहमीइतकेच... थोडे परत बरणीत टाकले. तिला वाटतं एका कपाने माणूस मार्गाला लागतो. वाटू दे.

२० जानेवारी
सकाळी पाणी भरलं. शेंगदाणे वाटले, गाळले, उकळले, पूड घुसळली. फेस चांगला आला. एक घोट घेतला. बाकीचं वाटीत ओतून गॅलरीच्या कठड्यावर ठेवलं. कावळा येऊन बसला, वाटीकडे मान वाकडी करून बघत राहिला. मी आत आले आणि रिकाम्या कपाचा फोटो पल्लवीला पाठवला.