जावयाची शाल

२४ ऑगस्ट

शाल आली! भागलपूरची. रेशीम आणि लोकर एकत्र विणलेली, रंग मधासारखा. हे स्टेशनवरून चिंब भिजून आले, पण गाठोडं शर्टाच्या आत कोरडं. "भिजलात की हो!" म्हटलं, तर म्हणाले, "माझं काय, मी वाळेन."

निभाच्या लग्नानंतरचा हा पहिला कोजागरा, आश्विन पौर्णिमेचा. आमच्याकडून जावयाच्या घरी मखाने, विडे, कपडे जाणार, आणि ते कपडे ल्यालेले अमलेशबाबू गावासमोर बसणार. बाजारची शाल कुणीही देईल. मी माझ्या हातची रंगवून देणार.

निभा म्हणाली, "माय, मासे फार मोठे काढू नकोस. तो हसेल." नवऱ्याला 'तो' म्हणते! रागावले. मग मलाच हसू आलं.

२९ ऑगस्ट

लोकर हट्टी आहे. टाकाच्या टोकाला तंतू अडकतो, रेघ फुटते. साडीवर हात धावतो, इथे रांगतो. मधोमध कोहबर घेतलाय – वेळूचा दांडा, भोवती कमळाची पानं. निभाच्या लग्नात नवरा-नवरीच्या खोलीच्या भिंतीवर काढला होता तोच. काठाला मासे. लहान!

शेजारच्या फुलोकाकी डोकावल्या. "जावयासाठी एवढा जीव काढतेस, नवऱ्याला कधी रुमाल तरी रंगवून दिलास?" हे ओसरीवर पान चघळत बसलेले. म्हणाले, "काकी, तुम्हीच बोला आता. माझं कोण ऐकतं!"

३ सप्टेंबर

अमलेशबाबूंचा फोन. "आईला शालीचं सांगितलंय. रोज विचारते, कुठवर आली म्हणून." विहीणबाईंना नवऱ्यामागे हा एकच मुलगा. आमच्या रीतीप्रमाणे निभाची पाठवणी पुढच्या फाल्गुनात. ती अजून सासरी गेलेलीच नाही, पण नवरा-बायको फोनवर भांडतात मात्र जुन्या माणसांसारखी.

९ सप्टेंबर

अमलेशबाबू गेले.

१२ सप्टेंबर

तोंडाने सांगवत नाही म्हणून लिहिते. दरभंग्याच्या शाळेत शिकवून घरी निघाले होते. बांधावरचा रस्ता पुराने आतून पोखरलेला. मोटारसायकलसकट खाली गेले.

निभाला घेऊन आम्ही धावलो. विहीणबाई दारात उभ्या. डोळे कोरडे. "हिला आत आणू नका," म्हणाल्या. "उंबरठा ओलांडायच्या आधीच माझं घर रिकामं केलं हिनं."

कुणीतरी त्यांना मागे ओढलं. कुणीतरी म्हणालं, दुःखात बोलतात, मनावर घेऊ नका. पण पोर अंगणातूनच परतली. तोंडही पाहू दिलं नाही तिला नवऱ्याचं.

२० सप्टेंबर

फुलोकाकी म्हणतात, अर्धवट कोहबर घरात ठेवू नये, तळ्यात सोडून दे. हात होईना. शाल पेटीत तळाशी घातली. रंगाच्या वाट्या धुऊन टाकल्या.

निभा जेवते. मागत नाही, पण वाढलं की जेवते.

६ ऑक्टोबर

कोजागरा. दुसऱ्या कुणाच्या तरी जावयाला मखान्याच्या टोपल्या चालल्या होत्या, वाजतगाजत. खिडकी लावायला उठले तर निभानं हात धरला. बघत राहिली. मग म्हणाली, "विडे नीट बांधले नाहीत त्यांनी." आणि आत गेली.

१५ नोव्हेंबर

विहीणबाई आल्या! एकट्या, टेम्पोतून. पांढऱ्या साडीचा काठ चिखलानं भरलेला. पाणी पुढे केलं, घेतलं नाही.

"शाल कुठे आहे?"

मला वाटलं, ऐकण्यात चुकले.

"अमलेशची आहे ती. मला द्या."

माझा तोल गेला. "माझ्या लेकीला दारातून हाकललंत, आणि आता शाल मागायला आलात?"

"हो, आले. तुम्हाला बोलायचं ते बोलून घ्या. पण शाल द्या."

"अर्धी आहे."

"मग पुरी करा."

मी नाहीच म्हणणार होते. पण आतल्या दारातून निभा म्हणाली, "माय, पुरी कर." विहीणबाईंनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. पुष्कळ वेळ. मग गेल्या.

१८ नोव्हेंबर

हे म्हणाले, वर्ष सरलं की निभाचं पुन्हा बघू या. एक चांगलं घर आहे ओळखीचं. मी हो म्हटलं. काय चुकलं? वय काय तिचं! हसत होती, भांडत होती पोर, आत्ताआत्तापर्यंत.

२४ नोव्हेंबर

पुन्हा रंग कालवले. निभा समोर बसून शाल ताणून धरते. आज पोपटांचे पंख भरताना सहज विचारून गेले, "हिरवा आवडायचा का गं त्यांना?"

"मला काय ठाऊक, माय? विचारायचंच राहिलं." मग अगदी हळू – "काहीच ठाऊक नाही मला त्याचं. झोपताना दिवा लागायचा की नाही, लहानपणी कुठे पडला होता, भुवईवर ती खूण कसली. काहीच नाही."

शाल ओली होऊ नये म्हणून तोंड फिरवलं मी.

२ डिसेंबर

झाली. उलट्या बाजूने इस्त्री केली. इतकं चांगलं काम माझ्या हातून कधी झालं नव्हतं. कुणाला दाखवावंसं वाटत नाही.

उद्या हे नेऊन देणार होते. निभा म्हणाली, "मी देते." एकटी? "त्या एकट्याच आल्या होत्या ना?" मी म्हटलं, दारातूनच देऊन ये, आत जाऊ नकोस. पुन्हा काही बोलल्या तर!

३ डिसेंबर

दुपार उलटली तरी आली नाही. हे तिला आणायला चपला घालत होते, तोच फोन.

"माय, बाबांना पाठवू नकोस. सासूबाई अजून रोज दोन ताटं वाढतात. दुसऱ्यावर मी बसले."