मालक : सगळं गाव

अमरावती
८ जानेवारी २०२५

ती. इंदूताईस,
शालिकरामचा सा. न. वि. वि.

फोनवर हा विषय काढू नकोस म्हणालीस, म्हणून पत्र. सोमवारी सकाळी पूजा आटोपून नेहमीसारखी मोबाईलवर आपली ‘गावखुणा’ साईट उघडली, सुखलालच्या उठलेल्या गावातल्या जुन्या माणसांचे आवाज जपणारी. सुखलाल बेठेकर, धारणीच्या वसतिगृहातला माझा सोबती, तुला आठवत असेल. त्याच्या आईचा, माणिकबाईचा, कोरकूत रेकॉर्ड केलेला आवाज ऐकल्याशिवाय माझा दिवस सुरू होत नाही. जुन्या गावात मोहाच्या कोणत्या झाडाखाली कोणत्या पूर्वजाच्या नावाचा कोरीव खांब रोवला आहे, ते ती त्यात सांगते. पण पानच उघडेना. सरकारी आदेशाने बंद, एवढंच लिहिलेलं. कारण नाही.

वाघांसाठी गाव उठलं आणि माणिकबाई नव्या वस्तीत वारली. तिचा खांब पूर्वजांशेजारी रोवायला सुखलालला जंगलात जाऊ देत नाहीत. तो हक्क मागणाऱ्या अर्जाला हेच आवाज पुरावा म्हणून जोडले होते. आता अर्ज तपासणारे साहेब म्हणतात, बंदी असलेल्या साईटचा पुरावा कसा धरायचा?

भाऊजींचा गुडघा कसा आहे? नीलमला आशीर्वाद.

तुझा,
शालिकराम

---

अकोला
१४ जानेवारी २०२५

चि. शालिकरामास अनेक आशीर्वाद.

सोबतचा तिळगूळ आधी खा, कारण पुढचं गोड नाही. नीलमने ती साईट बनवून दिली ती मामाच्या मायेपोटी. तिच्या सरकारी नोकरीसाठीची पोलीस पडताळणी अजून व्हायची आहे. तुले काहून ही उठाठेव रे? लहानपणीही कोणाची गाय विहिरीत पडली की पहिली उडी तुझीच. गाय निघायची अन् तू अडकायचा!

या साईटशी आपला कोणाचा संबंध नाही, असं लिहून दे अन् मोकळा हो. तुझे भाऊजीही हेच म्हणतात. नीलम मात्र माझ्याशीच भांडून राहिली. रोज देवापुढं बसतोस, तर एवढं बहिणीचं ऐक.

तुझी,
इंदूताई

---

अमरावती
४ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस सा. न.

तिळगूळ पोचला, बोलणीही पोचली. बंदीचं कारण विचारत सरकारी कार्यालयात खेटे घालून जोडे झिजले. इथले म्हणतात आदेश वरून आला, वरचे म्हणतात तो गोपनीय आहे. शेवटी एका साहेबांनी विचारलं, मालक कोण? सुखलालच्या सांगण्यावरून साईटच्या तळाशी ‘मालक : सगळं गाव’ एवढंच लिहिलं होतं. साहेब हसले. म्हणाले, नोटीस पाठवायची कोणाला, गावाला ई-मेल असतो का? मालक नाही, तर सुनावणीही नाही.

सुखलालला सांगितलं, माझं नाव टाकू. तो उसळलाच. म्हणे, गाव उठवताना घराघरांत शिरून अंगठे घेतले, तवा मालक बरे सापडले. आता तोंड बंद करताना एकही सापडला नाही का? त्यांच्या ग्रामसभेने ठराव केला, साईट गावाचीच. पण बंदीविरुद्ध न्यायालयात जायचं, तर आजवर ती चालवली कोणी, हे शपथेवर सांगणारा माणूस गावाच्या वकिलांना हवा होता.

ताई, तू म्हणालीस तो कागद लिहायला मी खरंच बसलो होतो. पण ज्या आवाजाने रोजची पूजा पुरी व्हायची, त्याला ओळखत नाही असं लिहायला हात धजेना. कॉलेजातली माझी नोकरी गेली, तर तुझ्याकडे भाकरीला येईन. साईट कोणी बनवली, हे अजून कोणी विचारलं नाही. विचारलं तर खोटं बोलणार नाही, एवढं नीलमला सांगून ठेव.

लोभ कमी झाला असेल तर तसं कळव, पण कळव. शुक्रवारी प्रतिज्ञापत्रावर सही केली. मालक सगळं गाव, सांभाळणारा मी. काल ते नागपूरच्या न्यायालयात दाखल झालं.

तुझा,
शालिकराम